एक्केचाळीस वाकळा न उसवण्याबद्दल

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

मी, केराबाई भ्रतार निंगप्पा बंडगर, उमर अदमासे बासष्ट, धंदा शिवणकाम, राहणार मंगळवार पेठ, शहर सोलापूर, आज रोजी पूर्ण शुद्धीत, कोणाच्या धाकाने नव्हे तर धाक असूनही, हे मृत्युपत्र सांगून लिहवीत आहे. लिहिणारे शिवयोगी मास्तर, पेन्शनीत निघालेले. ते म्हणाले, "'धाक असूनही' असे दस्तऐवजात लिहीत नाहीत, बाई." मी म्हणाले, "लिहीत नसतील. पण धाक हाय की." म्हणून तसेच ठेवले आहे.

धाक कसला तो आधी सांगते. परवा गुरुवारी दवाखान्यात माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, घरी काय सांगायचे ते सांगून या. एवढे बोलले की शहाण्याने समजावे. मरणाला मी भीत नाही. मी भिते बाहेरच्या ओट्यावर बसलेल्या माणसाला. तो माझा पुतण्या, धाकट्या दिराचा मुलगा, कुंडलिक सिद्धाराम बंडगर, होटगीस रेल्वेत खलाशी. मी घराबाहेर गेले की माझ्या वाकळा उसवतो. मी मेले की एकही शिल्लक ठेवणार नाही, असे त्याने पेठेत चारचौघांत बोलून दाखवले आहे. आत्ता दाराला आतून कडी आहे. आत मी, मास्तर, फुलाबाई व दोन साक्षीदार. कुंडलिक मधून मधून दार वाजवतो आणि म्हणतो, "थोरली आई, दार उघड की. काय लिवतीस आत?"

कलम पहिले. घर. मंगळवार पेठेतले दोन खणांचे धाब्याचे घर माझ्या नवऱ्याने गिरणीच्या साळखात्यात मागापुढे पाय सुजेस्तोवर उभे राहून मिळवले. ते वडिलार्जित नाही, सबब भाऊबंदांचा त्यावर हक्क नाही. हे घर मी फुलाबाईस देते. फुलाबाई माझ्या नात्याची नाही. नवरा वारल्यावर सासरच्यांनी तिला नेसत्या लुगड्यानिशी बाहेर काढले, तेव्हापासून अकरा वर्षे ती माझ्यासमोर बसून शिवते आहे. अकरा वर्षांत आमचे भांडण झाले नाही असा आठवडा नाही, पण टाका तिने कधी चोरला नाही. शर्त एकच, दसऱ्यापासून संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेपर्यंत पुढल्या खणात वाकळा शिवल्या गेल्या पाहिजेत. ज्या वर्षी शिवल्या जाणार नाहीत, त्या वर्षी घर देवळाला जावे.

कलम दुसरे. सामान. कपडे उकळायचा तांब्याचा हंडा, मोठी कात्री, दाभणे, सुयांचा डबा, हे सर्व फुलाबाईस. जाते शेजारच्या शांतम्माला. ती गेली वीस वर्षे ते उसने नेते व परत करताना दरवेळी "आमचं जातं" म्हणते, तिचे म्हणणे एकदाचे खरे होऊ दे.

कलम तिसरे. वाकळा. हे कलम मुख्य आहे. भिंतीलगतच्या फळीवर आज मितीस एक्केचाळीस वाकळा घड्या घालून, वर पाटा ठेवून दाबलेल्या आहेत. साक्षीदारांनी त्या मोजल्या. शनिवारी मी दवाखान्यात असता कुंडलिकने त्यांतल्या तीन वाकळा ब्लेडने मधोमध चिरल्या. फुलाबाईने व मी रविवार-सोमवार न उठता बसून त्या पुन्हा जोडल्या, म्हणून संख्या पुरी आहे. यांतल्या बारा महारोग्यांकडे, नऊ दवाखान्यातल्या गरीब बाळंतिणींना, आणि वीस गड्ड्याच्या जत्रेआधी, भुईवर उघडे निजलेले जे माणूस दिसेल त्याला द्याव्यात. थंडी कार्तिकातच सुरू झाली आहे. मी असो वा नसो, वाट पाहू नये.

या वाकळांत सोने नाही. पैसा नाही. जुनी लुगडी, धोतरे, गिरणीतून आलेल्या चिंध्या, आणि धावदोरा. मास्तर, हे दोनदा लिहा. या वाकळांत सोने नाही.

कलम चौथे. देण्याची रीत. वाकळ उकळलेल्या कापडाचीच असावी आणि पुरी वाळल्याखेरीज देऊ नये. ओली वाकळ देण्यापेक्षा न दिलेली बरी. दोन्ही हातांनी द्यावी, अंगावर फेकू नये. घेणाऱ्याची जात विचारू नये. नाव विचारू नये. हार-तुरे, भाषण, फोटो यांतले काही नको. मागल्या वर्षी एका शेठजींनी चार वाकळांपुढे अर्धा तास भाषण केले, तोवर चार म्हातारी माणसे कुडकुडत उभी. शेठजींच्या अंगात लोकरीचा कोट होता.

कलम पाचवे. रंभाबाई, पूर्वेची शेजारीण, हिच्याकडून चिंध्या घेऊ नयेत. ती कसर लागलेले देते आणि देवळात सांगते की केराबाईचे पुण्य निम्मे माझे आहे. तिला माझे पुण्य सगळेच द्यायला मी तयार होते. का, ते पुढे येईल.

इथे कुंडलिकने दारावर लाथ मारली. मास्तरांच्या हातून शाई सांडली, ती या पानावर दिसते. पहिले साक्षीदार श्रीमंत गावडे उठून म्हणाले, "पोलिसांना बोलावू का?" मी नको म्हणाले. पोलीस आज त्याला नेतील आणि उद्या सोडतील. परवा मी टेबलावर असेन आणि ही फुलाबाई एकटी एक्केचाळीस वाकळांपुढे किती वेळ उभी राहील? मृत्युपत्र कागद आहे. कागदाने ब्लेड अडत नाही. त्याला अडवील असे माझ्यापाशी एकच आहे, आणि ते मी तेवीस वर्षे कोणाला सांगितलेले नाही. नवऱ्यालाही नाही.

कलम सहावे. कडी काढावी.

श्रीमंत गावड्यांनी कडी काढली. कुंडलिक आत आला, उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून उभा राहिला. बस म्हटले तर बसला नाही. म्हणाला, "माळ कुटं हाय तेवढं सांग, मी जातो." मी म्हणाले, "तेच सांगते. मधी बोलू नगंस."

कलम सातवे. पुतळ्यांच्या माळेबद्दल. मी माळ वाकळांत दडवली असे कुंडलिक म्हणतो, ते अगदीच खोटे नाही. माळ होती. माझी सासू मायाक्का, तिची अकरा पुतळ्यांची माळ. शके १८३३ साली प्लेग आला तेव्हा पेठ ओस पडली, आम्ही सर्व माळावरच्या झोपड्यांत राहायला गेलो. घर सोडताना दागिने वाकळेत शिवून न्यायची आमच्याकडे रीत. चोर पेटी फोडील, अंथरूण कोण चोरतो? सासूने माळ निळ्या काठाच्या वाकळेत शिवली. झोपडीत ती तापाने गेली. जायच्या आधी मला म्हणाली, "थोरल्याला घर हाय, गिरनी हाय. माळ माझ्या सिद्धारामाची. त्याच्या हातात दे." सिद्धाराम, कुंडलिकचा बाप, तेव्हा मेंढरे घेऊन दूर मुलखात होता. मी सासूच्या पायावर हात ठेवून हो म्हणाले.

सासू गेल्यावर चौथ्या दिवशी सकाळी एक बाई आमच्या झोपडीपुढे येऊन उभी राहिली. अक्कलकोटकडची, कानडी बोलणारी. नवरा प्लेगने गेला, म्हणून तिची झोपडी अंथरुणासकट जाळली होती. कडेला सात-आठ दिवसांचे मूल, अंगावर एक लुगडे, त्याच्याच पदरात मूल गुंडाळलेले. कोणी तिला जवळ येऊ देईना. ती माझ्याकडे बघून एवढेच म्हणाली, "चळी, अव्वा, चळी." म्हणजे थंडी, आई. मुलाचे ओठ निळे पडले होते.

माझा नवरा पाण्याला गेला होता. पेटीत दोन वाकळा होत्या. एक निळ्या काठाची. दुसरी माझ्या बजाची.

बजा माझी मुलगी. त्याआधी दोन वर्षे गोवराने गेली, चार वर्षांची होऊन. तिचे परकर, झबली, टोपडे, सगळे मी एका वाकळेत शिवले होते. त्या वाकळेखाली मी कधी निजले नाही. नुसती उन्हात घालत होते आणि परत पेटीत ठेवत होते.

मी पेटीपुढे बसले. एक द्यायची होती. बजाची वाकळ उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. बाहेर ते मूल रडत होते, मग रडायचे थांबले. ते थांबले तशी मी निळ्या काठाची उचलली, बाहेर आले आणि त्या बाईच्या खांद्यावर घातली. घालताना माळ माझ्या बोटांना लागली. टणक, कोपऱ्याच्या वीतभर आत. कुंडलिक, नीट ऐक. ती चुकून गेली नाही. मला लागली, मला कळले, टाके तोडून काढायला घटकाभर वेळ पुरला असता, आणि मी काढली नाही. टाके तोडायला बसले असते तर बजाची द्यावी असे मन म्हणाले असते. मला ते ऐकायचे नव्हते. बाई रस्त्याने निघून गेली. नाव विचारले नाही. मूल जगले की नाही, ठाऊक नाही. माळ तिला कधी सापडली की नाही, तेही ठाऊक नाही.

सिद्धाराम आला तेव्हा मी सांगितले, सरकारी माणसांनी अंथरुणे जाळली, त्यात माळ गेली. तो म्हणाला, "वैनी, सोनं जळत न्हाय. राखंत तरी घावलं असतं." त्याचे बरोबर होते. माझा नवरा माझ्या बाजूने उभा राहिला, भावाला म्हणाला, माझ्या बायकोला चोर म्हणतोस काय. त्या दिवसापासून दोघे भाऊ बोलले नाहीत. माझा नवरा मेला तेव्हा सिद्धाराम खांदा द्यायला आला नाही. चार वर्षांमागे सिद्धाराम मेला, तोही "वैनीनं खाल्ली" म्हणत. मी एक शब्द बोलले असते तर दोघे भाऊ एका ताटात जेवले असते. पहिल्या वर्षी भीतीने बोलले नाही. पुढे लोक मला पुण्यवान म्हणू लागले, आणि मग जीभच उचलेना.

दुसऱ्याच्या मालाचे दान केले, त्याला दान म्हणत नाहीत. तेवीस वर्षे मी वाकळा शिवल्या त्या या लाजेपोटी. पण मास्तर, हेही लिहा की ज्यांना त्या मिळाल्या त्यांची थंडी खरी होती. माझे पाप त्यांच्या अंगावरून काढून घेऊ नये. म्हणून या वाकळा उसवू नयेत.

कलम आठवे. बजाची वाकळ. ती आजही पेटीत आहे. वेळ आली तेव्हा मी माझी वस्तू ठेवली आणि सिद्धारामाची दिली. म्हणून आता माझी वस्तू सिद्धारामाच्या मुलाला देते. मेल्यावर नाही, आत्ता. त्याने ती पांघरावी, उसवावी, जाळावी, मी काही म्हणणार नाही. याहून मोलाचे माझ्यापाशी काही नाही. असते तर दिले असते.

फुलाबाईने पेटी उघडून वाकळ माझ्या हातात दिली. मी ती कुंडलिककडे दोन्ही हातांनी धरली.

कलम नववे. हे कलम कुंडलिकचे आहे. तो जे बोलला ते मी मास्तरांना जसेच्या तसे लिहायला सांगितले आहे.

त्याने वाकळ घेतली. सर्वांदेखत खाली पसरली, गुडघ्यावर बसला आणि चारी कोपरे, मग मधला भाग, बोटांनी चाचपून पाहिला. एका जागी त्याचा हात थांबला. ते झबल्याचे लाकडी बटण होते. त्यावर तो बराच वेळ बोट ठेवून होता. मग म्हणाला, "ह्यात काय न्हाय."

मी म्हणाले, "न्हाय."

तो म्हणाला, "माझा बाप खरं बोलत हुता."

मी म्हणाले, "व्हय. खरं बोलत हुता. खोटी मी."

मग तो उठला. वाकळेची घडी त्याने नीट घातली, काखेत मारली आणि म्हणाला, "ही मी न्हेतो. बाकीच्यांना हात लावत न्हाय, ज्याच्या त्याला जाऊ द्यात. पर तुझ्या मातीला मी येनार न्हाय. आन् आजपासनं तुला थोरली आई म्हननार न्हाय."

मास्तरांनी लेखणी थांबवली आणि विचारले, "बाई, शेवटचे लिहू का? त्याची मृत्युपत्राला गरज नाही."

मी म्हणाले, "लिवा. त्यानं दोन शब्द दिलेत. एक ठिवायचा आन् एक गाळायचा, हे मी येकदा पेटीम्होरं बसून केलंय."

येणेप्रमाणे सांगितले, वाचून दाखवले, बरोबर आहे. बायकांची निशाणी बांगडी असते. माझ्या हातात बांगडी नाही, म्हणून सुई काढते.

मुक्काम सोलापूर, मंगळवार, तारीख १३ माहे नोव्हेंबर सन १९३४, शके १८५६, कार्तिक शुद्ध पक्ष.

केराबाई भ्रतार निंगप्पा बंडगर, निशाणी सुई.
दस्तुर शिवयोगी मास्तर.

साक्ष
१. श्रीमंत ज्ञानबा गावडे, सही दस्तुर खुद्द.
२. मानसिंग कोंडीबा काळे, निशाणी अंगठा.

कुंडलिक सिद्धाराम बंडगर, राहणार होटगी. कलम सात ऐकले. कलम नऊ माझे आहे, दोन्ही शब्द कबूल. निशाणी अंगठा.