सात नंबरचा थर्मामीटर

मंगळवार, ४ नोव्हेंबर
सत्त्याण्णव! पाणी खदखदा उकळतंय आणि आमचा थर्मामीटर सत्त्याण्णववर हटून बसलाय. पुस्तकात शंभर, बाकी सगळ्या टेबलांवर शंभर. माझी जोडीदार ढापणी म्हणाली, शंभर लिहून टाक आणि मोकळी हो. मी सत्त्याण्णवच लिहिलं – पेनाने!

यंदाचा सर्वांत चांगला अहवाल प्रयोगशाळेतल्या फ्रेममध्ये लागणार आहे. सहा वर्षं तिथे ताईचा आहे, याच प्रयोगाचा. त्याच्या तोडीचा सरांना मिळालाच नाही म्हणे. शाळेत मला नावच नाही, मी आपली ‘तिची बहीण’. ती फ्रेम मला हवी आहे. हवी म्हणजे हवीच!

बुधवार, ५ नोव्हेंबर
ताईला हॉस्टेलवर फोन केला. सत्त्याण्णव ऐकून तिने मला आकडा पुन्हा सांगायला लावला. मग म्हणाली, “जे दिसलं ते लिही. यायला हवं ते नको. आणि थर्मामीटरचा नंबर नक्की टाक.” नंबर कशाला, ते सांगितलं नाही. आमचा सात.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
सापडलं! सापडलं! तीनदा पाणी उकळलं, तिन्ही वेळा सत्त्याण्णव. मग आईच्या थर्मासमधून नेलेल्या बर्फात बुडवला – शून्याखाली तीन! म्हणजे पाण्याचा दोष नाही, हा पठ्ठ्याच सगळीकडे तीन कमी दाखवतो. ढापणी तर टेबलाभोवती नाचली.

प्रयोगशाळेतले मामा शांतपणे म्हणाले, तो आला तेव्हापासून असाच आहे, दहा वर्षं झाली. आजवर कुणी तक्रार केली नाही.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
पहिला मसुदा फाडला. ‘प्रयोग फार सुंदर झाला’ असलं काहीबाही लिहिलं होतं. आता फक्त काय घेतलं, काय केलं, काय दिसलं. आईला वाचून दाखवला. कणीक मळता मळता म्हणाली, हे मीसुद्धा करून बघेन. म्हणजे जमला!

बुधवार, १२ नोव्हेंबर
माझा!!! सरांनी वर्गात वाचला, सत्त्याण्णव शब्दावर जोर देऊन. उद्या फ्रेम माझ्या हातांनी बदलायची आहे.

गुरुवार, १३ नोव्हेंबर
मामांनी फ्रेम उतरवून दिली. ताईचा अहवाल पहिल्यांदाच इतक्या जवळून वाचला. सुरेख अक्षर. साहित्य : थर्मामीटर क्रमांक ७. उत्कलनांक : १००.

माझा कागद लावला, तिचा दप्तरात घातला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
ताईला फोन केला. तुझा अहवाल उतरवला, वाचलासुद्धा, म्हटलं. ती म्हणाली, “मलाही सत्त्याण्णवच आलं होतं गं. बरं झालं, उतरवलास.”