बाहेरचं घड्याळ

२ ऑगस्ट, शनिवार. मुलुंड.
घड्याळ आलं. काटे नाहीत, आकडे नाहीत, फक्त एक निळा दिवा. डिजिटल गाणं म्हणजे सेकंदाला चव्वेचाळीस हजार आकडे, आणि प्रत्येक अगदी वेळेवर पडायला हवा. प्लेअरच्या आतलं घड्याळ डुगडुगतं, म्हणून आवाज पसरतो. बाहेरून पक्कं घड्याळ जोडलं की विषय संपला. बायकोला, शर्मिष्ठाला, हे नीट समजावलं. किती वाजले ते तरी कळेल ना, असं तिने विचारलं.

३ ऑगस्ट
जोडलं. काय फरक! तबल्याच्या शाईचा रंगसुद्धा ऐकू आला.
संकल्प: रोज दोन तास शास्त्रशुद्ध ऐकणे. कुणाशी वाद नाही.

५ ऑगस्ट
ऑफिसातला धम्मपाल येऊन गेला. स्वतः तबला वाजवतो. फरक काही कळला नाही म्हणाला, पोहे मात्र झकास. वाजवणारे लोक ऐकत नाहीत. जुना अनुभव.

९ ऑगस्ट
मुलीने, रेवतीने, परीक्षा घेतली. मी भिंतीकडे तोंड करून बसायचं, तिने घड्याळ जोडायचं किंवा काढायचं, मी ओळखायचं. दहापैकी चार. नाणं उडवलं असतं तरी पाच आले असते म्हणाली.
कारणं: हवा दमट. शिवाय सारखं काढघाल केल्याने घड्याळ गार पडतं. पंखाही चालू होता.

१२ ऑगस्ट
शर्मिष्ठा किल्ली विसरून गेली आणि पाऊण तास दाराबाहेर राहिली. बेल वाजवली, फोन केले, शेवटी शेजारच्या किरणताईंकडे जाऊन बसली. मी घरातच होतो. हेडफोनही लावला नव्हता. कान तपासून घ्यायचं फर्मान निघालंय. दोष बेलचा असू शकतो, हे कुणी लक्षातच घेत नाही.

१६ ऑगस्ट
घाटकोपरला कान तपासले. श्रुतिका मॅडम, वय रेवतीएवढंच. बंद खोलीत बसवून बीप ऐकवले. या मशीनला बाहेरून घड्याळ जोडा, रिपोर्ट सुधारतील, असं मी सुचवलं. त्यांनी रिपोर्टच पुढे केला. वरचे बारीक आवाज मला दोन्ही कानांनी जवळजवळ येतच नाहीत. बऱ्याच वर्षांपासून असावं म्हणाल्या.
मी कानांपेक्षा अनुभवाने ऐकतो, हे त्यांच्या फॉर्ममध्ये कुठे लिहिणार? कानांची यंत्रं घ्यावी लागणार.

२४ ऑगस्ट, रविवार, सकाळ
कानांत यंत्रं घातली. म्हटलं, आता घड्याळाचा खरा कस लागेल. सिस्टीम सुरू करायच्या आधीच गाणं ऐकू आलं. बारीक, सुरेल. वाटलं, वरच्या मजल्यावर असेल. शोधत निघालो.
स्वयंपाकघरात शर्मिष्ठा वाल सोलत गात होती.
हे कधीपासून, असं विचारलं.
"सहा वर्षं झाली. गुरुवारी क्लासला जाते ना."
मला वाटायचं योगा. दोन आठवड्यांपूर्वी कार्यक्रमही झाला. रेवती गेली होती. मलाही सांगितलं होतं म्हणे, दोनदा.
पुढचं गा, म्हणालो. आता भाजी टाकायचीय, म्हणाली.
तिथेच स्टूल ओढून बसलो. तासभर बसलो. ती काही गायली नाही.