शेरॉनच्या नाकावरचे वळ

प्रिय आय,

तुझ्याशी भांडायचं आहे, म्हणून लिहितोय. तुला माती दिल्यापासून मी तुझ्याबद्दल कुणाजवळ वाकडा शब्द काढलेला नाही. पण काल आपली फिलूबाय आली होती. येत्या रविवारी शेरॉन देवळात पहिल्यांदा पवित्र भाकर घेणार, तिचं पहिलं कम्युनियन आहे ना, तिचा पांढरा फ्रॉक आणि डोक्यावरचा जाळीचा वेल घेऊन लाडकी आत्या हजर! फ्रॉक सुरेख शिवलाय, खोटं कशाला बोलू? तो पलंगावर पसरता पसरता ती माझ्या बायकोला हळूच म्हणाली, "ग्लॅडिस, रविवारपर्यंत पोरीला ते मशीन नको लावू गो. मास्कचे लाल वळ उठतात नाकावर. फोटो काय पुन्हा काढता येणारेत?"

मी बाहेर ओट्यावर होतो. माझे कान तुला माहीतच आहेत.

वर बायने हुकमाचं पान टाकलं, "आय असती ना, तर तिनेही हेच सांगितलं असतं."

मला संताप कशाचा आला, सांगू? ती खोटं बोलत नव्हती. तू अगदी हेच सांगितलं असतंस!

(आपल्या घरातली बोली मला कागदावर उतरवता येत नाही. शाळेत शिकवलेल्या मराठीत लिहितोय. हसू नकोस, मी रागावलोय.)

शेरॉन घोरायला लागली तेव्हा जेमतेम चालत होती. तू गावभर कौतुक सांगत फिरायचीस, "आजोबांवर गेलीय, घोरते बघा कशी!" माझ्या बँडमधले लोक म्हणायचे, "मास्तर, तो मोठा टुबा फुंकायला माणूस शोधत होता ना? घरातच आहे." आपण सगळे हसायचो. एवढंसं बाळ आणि एवढा मोठा आवाज!

पण आय, मला आवाजाची भीती वाटायची नाही. भीती वाटायची ती मधल्या शांततेची. घोरणं चढत चढत जायचं आणि एकदम बंद. गाण्यातही थांबा असतो, पण त्याला माप असतं. पुढचा सूर कुठे पडणार हे ठाऊक असतं. हिच्या थांब्याला माप नव्हतं. छाती वरखाली होत असायची आणि हवा आत जात नसायची. मग मान मागे टाकून, हिसका देऊन ती श्वास ओढायची. आणि त्या थांब्यात तू काय करायचीस? तोंडावर बोट ठेवून आम्हाला दटावायचीस, "श्श! आता कुठे गाढ निजलीय."

गाढ निजलीय! अगं, तिचा श्वास अडकलेला असायचा!

पुढे तिची उंची थांबली, बोटं आखडायला लागली, तेव्हा मुंबईच्या मोठ्या इस्पितळात त्या आजाराला नाव मिळालं. एमपीएस. फार क्वचित होणारा, जन्मतः रक्तातून आलेला. शरीरातला कचरा विरघळवणारा एक रस तिच्यात तयारच होत नाही, म्हणून तो साचत राहतो. सांध्यांत, जिभेत, घशात. डोकं मात्र तल्लख, ते तर तू जाणतेसच. पत्त्यांत तुला हरवायची. जागेपणी ती अरुंद वाटेने श्वास रेटून नेते. झोपेत अंग सैल पडलं की ती वाटच मिटते.

मी एका डॉक्टरांना विचारलं, मग या घोरण्याचं काय? ते म्हणाले, "अशी मुलं घोरतातच." अशी मुलं! म्हणजे कशी हो? अशी मुलं घोरतात म्हणून त्यांना तशीच गुदमरू द्यायची? मी बँडमास्तर, लोकांच्या लग्नात हसतमुखाने वाजवणारा माणूस, त्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात भिंतीवर मूठ आपटली. दुसऱ्या डॉक्टर बाई भेटल्या म्हणून बरं. त्यांनी झोपेची तपासणी सांगितली.

"झोपेची कसली परीक्षा? त्यात पोरगी नापास झाली तर?" हे तू विचारलं होतंस. डोक्याला वायरी, छातीला पट्टा बांधून शेरॉनला एक रात्र तिथे निजवली आणि ती खरोखरच नापास झाली, आय. टॉन्सिल काढले तरी पुरलं नाही. म्हणून ते मशीन आलं. नाकावर मास्क, डोक्यामागे पट्टे, आणि हवा दाबाने आत सोडत राहायची, म्हणजे वाट मिटत नाही. झोपेल तेव्हा लावायचं, दुपारीसुद्धा.

मास्क लावून निजली त्याच्या दुसऱ्या सकाळी ती स्वतःहून उठली. डोकं दुखतं म्हणाली नाही. शाळेत बाकावर झोपली नाही. सिस्टरने विचारलं, "शेरॉन, आज काय खाऊन आलीस?" ती म्हणाली, "हवा!"

हे सगळं तू डोळ्यांनी पाहिलंस. तरी मास्क दिसला की तोंड फिरवायचीस. "माझ्या नातीला मुसकं बांधता? मळणीचा बैल आहे का ती?"

आणि मग शेजारच्या रॉकीच्या लग्नातली ती दुपार. आज ती काढतोच.

नवऱ्याच्या आंघोळीचं उंबराचं पाणी विहिरीवरून आणायला बायका कळशा घेऊन निघाल्या होत्या, पुढे माझा बँड. ग्लॅडिसही त्यांच्यात. शेरॉनला सर्दी होती, म्हणून ती घरी निजली आणि तू तिच्याजवळ बसलीस. निघताना मास्क ग्लॅडिसने लावला होता. मशीनची घरघर मी स्वतः ऐकून उंबरा ओलांडला होता. आम्ही वळणाआड गेलो आणि तू मास्क काढलास! का? तर पाणी घेऊन परतताना बायका आपल्या अंगणात सरबताला थांबणार, आत डोकावणार. मुसकं बांधलेली नात त्यांना दिसू नये. संध्याकाळी मांडवात फोटो निघणार, त्यात नाकावर वळ दिसू नयेत.

बायका आल्या. डोकावल्या. ट्रम्पेट माझ्या ओठाला होता, तरी मला ऐकू आलं, "अगो बाय, किती शांत निजलीय!"

शांत? मशीन चालू असताना खोली शांत कशी असेल?

सूर अर्धा टाकून मी धावलो. मी थांबायची खूण केली नव्हती, त्यामुळे बँडवाले बिचारे वाजवतच राहिले. बाहेर धूमधडाका आणि आत माझी पोर निळ्या ओठांनी पडलेली, हलवलं तरी जागी होत नव्हती. ग्लॅडिसच्या हातातली कळशी अंगणातच पडली. इस्पितळात तिच्या घशात नळी घालताना मोठमोठ्या डॉक्टरांना घाम फुटला, एवढी ती वाट अरुंद.

ती वाचली. काचेच्या खोलीतून बाहेर आली. घरी आणली तेव्हा तू रोझरी हातात धरून ओट्यावर बसली होतीस. मला वाटलं, आता तू काहीतरी बोलशील. तू म्हणालीस, "तेवढा वेळ तरी तिचं तोंड मोकळं होतं. किती गोड दिसत होती!"

रोझरीचा एकच मणी तू पुन्हा पुन्हा ओढत होतीस, म्हणून मी तेव्हा ओरडलो नाही. आज ओरडतो. गोड कुणासाठी दिसायचं होतं तिला? सरबताचा पेला हातात घेऊन दोन घटका डोकावणाऱ्या बायकांसाठी?

आणि तुझं जाणं तरी कसं! रात्री जेवून निजलीस, सकाळी उठलीच नाहीस. सगळं गाव लोटलं. जो येईल तो माझा हात धरून म्हणे, "झोपेत गेली. असं मरण भाग्याने मिळतं." ज्या घरात आम्ही झोपेलाच घाबरतो, त्या घरात उभं राहून ही माणसं हे बोलत होती! तुझ्या पायाशी शेरॉन बसली होती. तिचे कानही माझ्यासारखेच आहेत. दफनभूमीतून परत आल्यावर तिने विचारलं, "पप्पा, झोपेत गेलेलं चांगलं असतं? मग तेव्हा मला का उठवलंत?"

यावर काय बोलायचं असतं, आय? तू कधी शिकवलंस? मी म्हटलं, "आजीचं सगळं जगून झालं होतं. तुझं कम्युनियनसुद्धा व्हायचंय अजून." ती म्हणाली, "हां, आणि केकपण."

आता ऐक. तुला आठवतं, मी दुसऱ्याच्या बँडमध्ये ढोल वाहायचो आणि मोडका ट्रम्पेट घेऊन केळीच्या वाडीत फुंकत बसायचो? शेजारीण भांडायला आली होती, कोंबड्या अंडी देईनात म्हणून. तू म्हणालीस, "माझा पोर फुंकतो, तुझ्या कोंबड्यांना कापूस घाल." फुंकून फुंकून माझ्या वरच्या ओठावर गोल वळ उमटला, तो कायमचा. माझ्या लग्नात फोटोवाला त्यावर पावडर लावायला आला, तर तू त्याचा हात धरलास. "पुसू नको. त्या वळावर आमची चूल पेटते."

मग माझ्या पोरीच्या वळाची तुला लाज का वाटली? माझ्या वळावर चूल पेटते, तर तिच्या वळावर तिचा श्वास चालतो. हा हिशेब तुझ्यासारख्या हुशार बाईला कळू नये?

काल मी हेच बायला सुनवायला आत गेलो. पण माझ्याआधी शेरॉनच बोलली. फ्रॉकच्या घेरावरून हात फिरवत, खाली बघत. "आत्या, पप्पांच्या ओठावर वळ आहे ना? लग्नाच्या फोटोत पण आहे. आजी सगळ्यांना बोट लावून दाखवायची. मग माझा पण दाखवूया."

बायने हातातला वेल घडी करून फ्रॉकवर ठेवला. मग मला म्हणाली, "तुझी पोर तोंडाळ आहे हां, बस्त्याव."

"माझ्यावर गेलीय," मी म्हटलं.

"तुझ्यावर कसली? आयवर गेलीय!"

ग्लॅडिस हसली, मग रडली. आणि माझा राग आय, तेवढ्याने गेला नाही. थोडा गेला. उरलेला हा असा कागदावर.

तर तुला विचारत नाही, सांगून ठेवतोय. शनिवारी रात्री शेरॉन मास्क लावून झोपेल. रविवारी सकाळी ती तोंड धुऊन, वेल लावून, नाकावर वळ घेऊन वेदीपुढे जाईल. पावडर लावायला कुणी हात पुढे केला तर तो मी धरीन, तू धरला होतास तसा. मिस्साची प्रार्थना संपली की देवळाबाहेर मी वाजवीन, आणि फोटोत आम्ही दोघं उभे राहू, आपापला वळ घेऊन. तो फोटो तुझ्या फोटोशेजारी लावतो. रोज बघ.

आणि यापुढे या घरात तुझं नाव निघेल ते एकाच कामाला. पोरगी कधी कंटाळून मास्क बाजूला सारायला लागली, की मी म्हणेन, "लाव गो पोरी. आजीने सांगितलंय."

तुझा भांडखोर पोर,
बस्त्याव