सही दुसऱ्याची

सर, तुम्ही गेल्याला बरीच वर्षं झाली. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण आज जे सांगायचंय ते तुमच्याखेरीज कुणाला सांगता येणार नाही.

माझं बरं चाललंय. शहापूर असो की मुरबाड, बोअर कुठं मारायची हे विचारायला लोक माझ्याकडंच येतात. मशीन चालू असताना वर येणारा चुरा मी तळहातावर धुऊन बघतो. काळा पाषाण संपून तांबडा थर लागला, की ऑपरेटरच्या आधी मला कळतं. ही नजर तुमची. भूगोलाच्या तासाला तुम्ही आम्हाला गावाबाहेरच्या खाणीत नेलंत, ते अजून दिसतं. तुम्ही धोतराचा सोगा सावरत कड्याला हात लावता आणि म्हणता, "हा दगड एकदा कढीसारखा पातळ होता, रे." सगळी पोरं हसतात. मी हसत नाही.

बारावीनंतर कॉलेजचा फॉर्म घेऊन तुम्ही आमच्या अंगणात आला होतात. चार माणसं बसली होती, म्हणून मला चेव आला. म्हटलं, "डोंगर काय कॉलेजात आहेत का, सर?" तुम्हीही हसलात. मग फॉर्मची घडी घालताना हळूच म्हणालात, "डोंगर इथंच राहतील. तुझं म्हणणं कोण मानेल, ते बघ."

आता दर रविवारी मी टोकावड्याच्या शाळेत मोठ्या वर्गांतल्या मुलांना घेऊन बसतो. घाटात दरड का सुटते, उन्हाळ्यात एका पाड्याची विहीर का आटते आणि शेजारची का नाही, हे त्यांना दाखवतो. यातली कुणी तरी भूशास्त्र शिकून यातच नोकरीला लागावीत, एवढीच इच्छा. यंदा पहिल्यांदाच एका मुलीला मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळालाय, वसतिगृहासकट. वरच्या पाड्यातली पोर. बाप पाठवायला तयार नाही. ती म्हणाली, "सर, तुमी येऊन सांगा. आबा तुमचं ऐकतात."

परवा गेलो. ओटीवर घोंगडी अंथरलेली, काळा चहा आला. मी सगळं नीट समजावलं. आबा मान हलवत होते. मग त्यांनी विचारलं, "तुमी कंच्या कालेजात शिकले, सर?"

हा प्रश्न मला फार आवडतो. लोक तो विचारतील याची मी वाटच बघत असतो. छाती काढून म्हणालो, "कुठंच नाय. सगळं आपलं आपण." एवढ्यावर थांबायचं, तर नाही. कुठल्या गावात पदवीवाल्यानं दाखवलेली जागा कोरडी गेली आणि माझ्या जागेला पाणी लागलं, तेही रंगवून सांगितलं.

आबांचा चेहरा उजळला. "मंग झालं की! पोरीला तुमच्याच हाताखाली घाला. मुंबय कशाला?"

तिचा काका मांडीवर थाप मारून म्हणाला, "घरची भाकर खाऊन सायबीण होतेय, आनी काय पायजे!"

मुलगी दारात उभी होती. ती माझ्याकडं बघत राहिली.

उत्तर माझ्याजवळ होतं, सर. मी लिहिलेल्या एकाही अहवालाखाली माझी सही चालत नाही. ठाण्याचा एक पदवीधर मुलगा सही करतो. तो जागा बघायलाही येत नाही. कचेरीत लोक त्याला खुर्ची देतात, मी फाइल धरून उभा असतो. सूक्ष्मदर्शकाखाली दगडाचा पातळ काप कसा वाचायचा, हे मला आजही येत नाही. आबांना हे एवढंच सांगितलं असतं, तर पोर सुटली असती. पण ओटीवरची माणसं माझ्याकडं कौतुकानं बघत होती. मी म्हणालो, "बघा, विचार करा," आणि चहा संपवला.

प्रवेश पक्का करायची मुदत अजून दोन दिवस आहे. सकाळच्या एसटीनं जाऊन सांगायचं ठरवलंय. कालही ठरवलं होतं. हे तुम्हाला पोचणार नाही, म्हणूनच लिहायला जमतंय.

आणखी एक राहिलं. आबा "तुमच्याच हाताखाली" म्हणाले ना, तेव्हा मला वाईट वाटायच्या आधी, क्षणभर का होईना, बरं वाटलं होतं.