नौफा जागी होईपर्यंत

११ फेब्रुवारी, करक

नौफाचं बाळ पोटातच गेलं. पूर्ण दिवसांचं, मुलगा. फार रक्त गेलंय तिचं, अतिदक्षता विभागात आहे, शुद्ध नाही. बाळ खाली शीतघरात. तिला अजून काहीच माहीत नाही.

सासरे अबू मुतलक कफन घेऊनच आले. उद्या सकाळी दफन करणार म्हणतात. मी म्हटलं, तिला शुद्धीवर येऊ द्या, एकदा हातात घेऊ दे.

"रडणं वाढवायचा पगार मिळतो का गं तुला?" म्हणाले. नवरा मुतलक बापामागे उभा, नजर बुटांवर.

या इस्पितळात बाळ गमावलेल्या बायांना आधार देणं हे माझं काम. बाळाचा चेहरा न बघितलेल्या बाया वर्षानुवर्षं माझ्याकडे येतात. एकच विचारतात — कसा होता? काय सांगणार मी, कपाळ!

संध्याकाळी

त्यांच्या घरी गेले. आमची नर्स इब्तिसाम म्हणत होती, "वेड लागलंय का रुदैना? हाकलून देतील." हाकललं नाही. पुरुषांच्या बैठकीत बसवलं, कॉफी दिली. मी प्यायले नाही. कप समोर सतरंजीवर ठेवला.

मोठं मागणं असलं की आमच्याकडे पुरुष असा कप ठेवतात — मुलगी मागताना, खुनाची माफी मागताना. बाईनं ठेवलेला मीही कधी पाहिला नव्हता. पाहुण्याचा कप तसाच राहिला तर घराची अब्रू जाते.

"हे पुरुषांचं काम आहे," मुतलकचा चुलता म्हणाला.

"मग पुरुषांनी करायचं होतं," मी म्हटलं. माझ्या जिभेला हाड नाही.

म्हातारा सासरा कपाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कॉफी घे, पोरी. नौफा जागी होईपर्यंत मुलगा कुठे जात नाही."

गारढोण झाली होती. प्यायले.

१२ फेब्रुवारी

नाही जागी झाली. म्हातारा सकाळपासून अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर. गावकरी येऊन टोचतात, "मेलेल्याला कुणी ताटकळत ठेवतं का?" हा एवढंच म्हणतो, "शब्द दिलाय मी."

मला त्याच्याकडे बघवत नाही. माझ्या हट्टापायी!

१३ फेब्रुवारी

दुपारी डोळे उघडले. सांगितलं मीच. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मग म्हणाली, "आणा त्याला."

कापड सोडलं तिनं. केसांवरून हात फिरवला, पाय ओंजळीत घेतले. "मुतलक, पाय बघ. तुझेच." आणि हसली — खरंच हसली. मुतलक खाटेशी बसला आणि हुंदके देऊ लागला. मी दाराशी उभी, श्वाससुद्धा हळू घेत होते. इतकी वर्षं हे काम करते, पण एवढं मोठं काही कधी पाहिलं नाही. मशिदीत वाटावं तसं वाटत होतं, आणि समोर होती नुसती लोखंडी खाट.

नौफानं स्वतःच बाळाला पुन्हा गुंडाळलं. सासऱ्यांच्या हातात दिलं. "आता न्या, काका."

१९ फेब्रुवारी

अबू मुतलक आले होते. दार लावून घेतलं. त्यांच्या बायकोचीही दोन बाळं अशीच गेली होती, तरुणपणी. तिला न दाखवता यांनीच पुरली.

"दोघांचेही चेहरे मला आठवतात," म्हणाले. "म्हातारीला बाहेर बसवलंय. तिला कसं सांगू, ते सांग."