शिट्टी दोघींवर सारखीच वाजवण्याबाबत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
विलो बेंड नदीखोरे उद्यान,
पोहण्याचा काठ व बोटिंग विभाग,
इलिनॉय राज्य.

विषय : खास परवानगी मूळ कागदासह परत करणे, आणि शनिवार दि. ३ सप्टेंबर १९९४ रोजी दोन बायकांना एकच नियम लावणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा दि. २५ जुलैचा अर्ज. २) आपले दि. ११ ऑगस्टचे पत्र व सोबतची परवानगी.

महोदय,

१. अर्जदार जगन्नाथ सुखदेव गजभिये, वय बहात्तर, मूळ राहणार नागपूर, सध्या मुक्काम मुलाकडे शॉमबर्ग. शिक्षण चौथी. पुढचं सगळं कारखान्यात फिटरचं काम करता करता रद्दीतल्या कागदांवरून शिकलेलं. नळासाठी, रेशनकार्डासाठी, स्मशानातल्या पत्र्यासाठी वस्तीतल्या लोकांचे अर्ज अर्जदाराने चाळीस वर्षं लिहिले. साहेबाला राग येईल म्हणून शब्द गिळायची सवय त्याला तेव्हाही नव्हती. पहिला अर्ज त्याचा मुलगा अनुप याने इंग्रजीत केला, आणि तिथंच घोटाळा झाला. तो कसा, ते पुढे येईल. हा अर्ज अर्जदार मराठीतच लिहीत आहे. नात मैत्री, वय सोळा, याचं शब्दाला शब्द भाषांतर करून सोबत जोडेल. तिने तसं वचन दिलं आहे, आणि ती बापासारखी घाबरट नाही.

२. दि. १७ जुलै, रविवार. आमच्या मराठी मंडळींची सहल आपल्या उद्यानात तीन नंबरच्या छपराखाली होती. पोरं पायडल मारायच्या बोटी घेऊन गेली, कोणी कड्यावरच्या सज्जातून खोरं बघायला गेलं, कोणी छोट्या आगगाडीत बसलं. अर्जदाराची पत्नी अहिल्या, वय सदुसष्ट, काठावर घडीच्या खुर्चीत बसली होती. मैत्रीने तिला आपल्या माहितीपत्रातली ओळ मराठीत करून सांगितली : या, पाण्यात उतरा, नदी तुमचीच आहे. अहिल्येने ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग चपला काढल्या, खुर्चीखाली नीट जोडून ठेवल्या आणि पोहणाऱ्यांच्या गर्दीत नेसत्या साडीनिशी पाण्यात शिरली. पाणी गुडघ्याला लागलं तशी ती थांबली आणि हसली. अर्जदार पन्नास वर्षं तिचा नवरा आहे. असं हसू त्याने कधी पाहिलं नव्हतं.

३. तेवढ्यात शिट्टी वाजली. उंच पांढऱ्या खुर्चीवर नाकाला मलम फासलेली आपल्या उद्यानाची एक जीवरक्षक मुलगी बसली होती. तिने शिट्टी वाजवली आणि हात हलवून खुणावलं : बाहेर हो. शंभर माणसं पाण्यात होती. खूण एकटीलाच. अहिल्या बाहेर आली. चपला हातात घेतल्या, घातल्या नाहीत. अर्जदार जवळ गेला तेव्हा ती एवढंच बोलली : "इथंही सांगून दिलं वाटते कोणी."

४. साहेब, हे वाक्य आपणास समजणार नाही. तो आपला दोष नाही. म्हणून फोड करून सांगणं भाग आहे. अहिल्येचं माहेर भंडारा जिल्ह्यात, वैनगंगेच्या काठी. नदी एक, घाट दोन. वरचा गावाचा. खालचा, जिथे गुरं धुवून पाणी यायचं, तो आम्हा महारांचा. नऊ वर्षांची असताना ऐन वैशाखात तिचे पाय भाजले म्हणून ती वरच्या घाटावर दोन पायऱ्या उतरली. ही कोणाची पोर ते कोणीतरी सांगून दिलं, तशी पायरीवर बसलेल्या एकाने हाळी दिली आणि हात हलवला. त्याच हाताने, त्याच खुणेने. मग तिच्या बापाला चावडीसमोर सूर्य कलेपर्यंत उन्हात उभं केलं आणि पायऱ्या तिच्या आईकडून धुवून घेतल्या. पुढे घाट कायद्याने खुले झाले. छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, ती जातच आम्ही टाकली. पण अहिल्येच्या पायांना कायदा कधी कळला नाही. अठ्ठावन्न वर्षांत ती कुठल्या नदीत उतरली नाही. उतरली ती आपल्या, कागदावर लिहिलं होतं म्हणून.

५. आता अर्जदाराचा गुन्हा. शिट्टी वाजली त्या क्षणी आमच्या सहलीतले श्री. श्रीराम लिमये त्या शिट्टीवाल्या मुलीच्या खुर्चीपाशी उभे राहून तिच्याशी काही बोलत होते. अहिल्येने ते पाहिलं. अर्जदारानेही पाहिलं. लिमये ब्राह्मण आहेत. दुसरा पुरावा आम्हाला कशाला लागतो? अर्जदार सरळ छपराखाली गेला आणि चाळीस माणसांत म्हणाला, सात समुद्र ओलांडून आलात लिमये, पण चुगली मात्र सामानात बांधून आणलीत. लिमयांच्या हातातला मक्याचा भुट्टा तसाच राहिला. अनुपने बापाला दंड धरून गाडीत बसवलं.

६. अनुपने त्या रात्री बापाला बजावलं की बाबा, इथं जात-बित लिहू नका, या लोकांना ते कळत नाही, आपलाच प्रॉब्लेम होतो. त्याच्या ऑफिसात त्याचं आडनाव कोणाला कळत नाही याचं त्याला सुख आहे. ते सुख त्याने कमावलेलं आहे, अर्जदार त्यात दगड टाकू इच्छित नाही. पण त्याने २५ जुलैच्या अर्जातून जात उचलून काढली आणि तिथे संस्कृती बसवली. आईचा पारंपरिक पोशाख, धार्मिक भावना, असलं काही. आमच्या घरात साडी ही भावना नव्हे साहेब, कापड आहे.

७. पहिला अर्ज पोस्टात पडल्यावर मैत्री मैत्रिणींबरोबर पुन्हा आपल्याकडे आली आणि फाटकावरची पाटी वहीत उतरवून घेऊन गेली. नियम सातवा : पाण्यात फक्त पोहण्याचे कपडे. लांब किंवा सुती कपडे चालणार नाहीत, ते भिजून माणसाला खाली ओढतात. म्हणजे शिट्टी साडीवर होती. नियम वाईट नाही. ओल्या साडीचं वजन अर्जदाराला माहीत आहे. आणि खुर्चीवरच्या त्या मुलीने मैत्रीला सांगितलं, लिमये तिला फक्त बोटीसाठी लागणारी जॅकेटं कुठे मिळतात ते विचारत होते.

८. अर्जदाराने हे अहिल्येला सांगितलं. पटलं नाही. पाटी वाचून दाखवली. ती म्हणाली, पाटी कोण लिहितं ते मला माहीत आहे. तेव्हा पुढच्या रविवारी, ७ ऑगस्टला, अर्जदार तिला काठावर बसवून स्वतः धोतर-सदऱ्यासह पाण्यात शिरला. शिट्टी वाजली. तीच मुलगी, तीच खूण. अर्जदार आनंदाने निथळत बाहेर आला आणि म्हणाला, बघ, माझ्यावरही वाजली. त्यावर ती शांतपणे म्हणाली : "तुमची जात काय वेगळी आहे?"

९. मग आपलं पत्र आलं. आपण चांगले माणूस आहात हे पत्रावरून दिसतं. झाल्या प्रकाराबद्दल आपण दिलगिरी लिहिली, आणि आमच्या संस्कृतीचा मान राखून सौ. गजभिये यांना साडीसह पाण्यात उतरण्याची खास परवानगी दिली. शनिवार दि. २७ ऑगस्ट, सकाळी सात ते साडेसात, उद्यान लोकांसाठी उघडण्यापूर्वी. जागा : बोटी पाण्यात सोडायचा उतार, पोहण्याच्या काठापासून खालच्या अंगाला पाव मैल.

साहेब, पुन्हा वाचा. वेगळी वेळ. वेगळा घाट. आणि तोही खालचा.

आपण जाणूनबुजून केलं नाही. आपण हात पुढे केलात, पण तो नेमका जखमेवर पडला. मैत्री इथे जन्मलेली. तिने पत्र वाचलं, आजीची गोष्ट तिला ठाऊक होती, आणि ती म्हणाली, "आजोबा, धिस इज द सेम रिव्हर." अहिल्येने विचारलं, काय लिहिलंय. मैत्रीने खोटं सांगितलं नाही. अहिल्या उठून आत गेली आणि दार लोटून घेतलं. दाराआडून म्हणाली, आता तर सरकारी शिक्क्यानिशी आलं.

१०. घाई का, ते सांगतो. अहिल्येचं हृदय पाव हिश्शाने काम करतं. डॉक्टरांनी दिवसाला सहा कप पाणी ठरवून दिलं आहे, सून मोजून देते. आपला काठ सोमवारी ५ सप्टेंबरला बंद होणार, तो पुढच्या उन्हाळ्यात उघडणार. डॉक्टर हिवाळ्याबद्दल बोलत नाहीत. अर्जदाराने दोनदा विचारलं, दोनदा त्यांनी चष्मा पुसला. मरणाला अर्जदार भीत नाही. पण ही बाई नऊ वर्षांच्या वयात जे शिकली तेच बरोबर होतं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकालाही बरोबर होतं, असं मनात धरून जाणार असेल, तर अर्जदाराच्या चाळीस वर्षांच्या अर्जांवर, त्याच्या छप्पन सालावर आणि या देशाच्या माहितीपत्रावर पाणी फिरलं म्हणायचं.

११. तेव्हा अर्जदाराने आयुष्यात न केलेली गोष्ट केली. गेल्या मंगळवारी मैत्रीला घेऊन लिमयांच्या दारात गेला आणि माफी मागितली. ब्राह्मणाची नव्हे, माणसाची. लिमयांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाले, "गजभिये, मी नाही सांगितलं. पण माझ्या आजोबांनी सांगितलं असतं. त्यामुळे तुम्ही चुकलात असं मला छातीठोकपणे म्हणता येईना." असं खरं बोलणारा माणूस अर्जदाराला फार दिवसांनी भेटला. त्यांच्या पत्नी नीलांबरीवहिनी आतून पोहे घेऊन आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की मग मीच साडी नेसून उतरते की अहिल्याताईंबरोबर, साठाव्या वर्षी कोणी शिट्टी मारतंय तर सोडा कशाला. लिमये हसले. अर्जदारही हसला, आणि मग त्याला तिथे बसवेना.

१२. अहिल्येपुढे ही गोष्ट ठेवली. ती भिंतीकडे तोंड करून होती. तशीच राहून तिने विचारलं की नीलांबरीबाई पुढे आणि मी मागे, असं का? अर्जदार म्हणाला, नाही, दोघी बरोबरीने. त्यावर ती म्हणाली, "तिच्यावर वाजली तर मानीन." शुक्रवारपासून ती उठून बसते. साडी कोणती, ते तिने काढून ठेवलं आहे.

१३. सबब विनंती अशी की :

खास परवानगी रद्द करावी. मूळ कागद परत पाठवला आहे. तो घरात ठेवायलासुद्धा नको.

शनिवार दि. ३ सप्टेंबर रोजी सकाळी अकराला, काठ भरलेला असताना, सौ. अहिल्या गजभिये व सौ. नीलांबरी लिमये हातात हात धरून, दोघी साडीत, सर्वांच्या काठावरून पाण्यात उतरतील. दोघींना राहू देता येत असेल तर दोघींना राहू द्यावं. अर्जदाराची पहिली विनंती हीच आहे. नियमापुढे आपला नाइलाज असेल तर शिट्टी वाजवावी, पण दोघींवर. नीलांबरीवहिनी गोऱ्या आहेत, फाडफाड इंग्रजी बोलतात. आपल्या खुर्चीवरच्या मुलीने त्यांच्याकडे हसून दुर्लक्ष केलं आणि खूण फक्त एकीला केली, तर अर्जदाराकडे पुढे लिहायला अर्ज उरणार नाही. तसंच अहिल्या आजारी आहे, म्हातारी आहे, म्हणून तिला एकटीला सूट देऊ नये. दया येणारच असेल तर ती दोघींवर यावी. परवानगी सारखी देता येत नसेल तर मनाई तरी सारखी द्यावी, एवढंच मागणं आहे.

खुर्चीवर शक्यतो तीच मुलगी असावी. तिच्यावर अर्जदाराचा राग नाही. तिने तिचं काम केलं. तिने फक्त हात हलवला, तो कोणाचा हात होता हे तिला कुठून कळणार.

शेवटची बाब. शिट्टी वाजल्यावर कोणी धावत येऊन अहिल्येला उचलून बाहेर काढू नये. ती आपल्या पायांनी येईल. तिला चालायला वेळ लागतो, पाण्यात जास्तच लागेल. तो वेळ तिला घेऊ द्यावा. तेवढा वेळ ती नदीत असेल, आणि तेवढा तिला पुरे आहे.

उत्तर लवकर यावं. नाही आलं तरी आम्ही शनिवारी अकराला तिथे आहोत.

आपणावर राग नसलेला, पण वाट पाहण्यास वेळ नसलेला,

(सही)
जगन्नाथ सुखदेव गजभिये
शॉमबर्ग, दि. २२ ऑगस्ट १९९४

सोबत :
१) खास परवानगी, मूळ प्रत.
२) आपलं माहितीपत्र. "नदी तुमचीच आहे" या ओळीखाली पेन्सिलीने रेघ आहे, ती अहिल्येने मारलेली.
३) फाटकावरच्या नियमांची मैत्रीच्या हातची नक्कल.
४) गुडघाभर पाण्यात दहा मिनिटं उभं राहण्यास हरकत नाही, अशी डॉक्टरांची चिठ्ठी.
५) सौ. नीलांबरी लिमये यांचं संमतिपत्र.
६) सौ. अहिल्या गजभिये यांचं संमतिपत्र. अंगठा नाही, सही आहे.