दंडावरचा दिवा

कोल्हापूर, ४ फेब्रुवारी २०२५

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की वसतिगृहातल्या मुली गोळा होतात, म्हणून पत्र.

सोबतचा पट्टा मी बनवलाय. उसाच्या चिपाडाचा कोळसा करून त्यात डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक छिद्रं पाडली आणि तो सुती कापडावर चढवला. त्या छिद्रांत वीज साठते. चार्जरला लावला की झटकन भरतो, मग वरचा हिरवा दिवा तासभर जळतो. पुढे अशा कापडावर नाडी मोजायची यंत्रं चालतील. फक्त घामात टिकतो का, ते कळत नाही. प्रयोगशाळेत एसी, घाम येतोय कुणाला? तालमीत पोरांना शिकवताना दंडावर बांधाल का? महिनाअखेर परीक्षक येतायत. टिकला तर संशोधनाला वर्षभर मुदतवाढ. शॉक बसत नाही, आजीला सांगा.

माया आहेच, ती घामात विरघळू देऊ नका.

तुमची अनुजा

कोडोली, १३ फेब्रुवारी

चि. अनुजास,
हंबीररावाचा आशीर्वाद.

पट्टा बांधून तालमीत गेलतो. तुझी आजी म्हणती, म्हातारपणी ह्यांस्नी दिवं लावून मिरवायची हौस आलीया. पोरं तर लढायची सोडून दंडाकडंच बघत बसली.

पर पोरी, घाम फुटला आन् दिवा इझला. दुसऱ्या दिशी बी त्येच. आकाराम वस्ताद म्हणला, पोरीच्या शिक्षणाचा सवाल हाय, दिवा जळत ऱ्हायला म्हणून लिवा की, कोण बघाय येतंय! मी त्येला म्हणलं, पडलेल्या गड्याला फेटा बांधला तर फुडच्या मैदानात त्येचंच हाड मोडतंय. म्हणून खरं त्येच लिवलं. राग आला तर घरला ये, तांबडा-पांढरा रस्सा वरप, मग भांड.

तुझा आजा

कोल्हापूर, २ मार्च

ती. आबांस,
सा. न. वि. वि.

राग नाही आला, रडू आलं. माझी मैत्रीण भैरवी मला ओढत मिसळ खायला घेऊन गेली. तिखटानं आणखी रडले, मग बरं वाटलं. माझे मार्गदर्शक सर म्हणत होते, घामाचा विषय आपण काढूच नये. मी काढला. परीक्षक बाईंनी विचारलं, चाचणी कुणी घेतली? माझे आजोबा, तालमीत, म्हटल्यावर सगळं सभागृह हसलं. बाई मात्र लिहून घेत होत्या. मुदतवाढ मिळाली, पण निम्मीच, आणि घामाचा बंदोबस्त करण्याच्या अटीवर.

घाम शिवणीतून आत शिरत होता. आता शिवणच काढून टाकली, दोन्ही बाजूंनी रबरासारखा पातळ थर दिलाय. नवा पट्टा पाठवतेय. पुन्हा खरं तेच लिहा.

आजीला नमस्कार, तुम्हाला कुस्तीची सलामी.

अनुजा

कोडोली, १६ मार्च

चि. अनुजास,
आशीर्वाद.

नवा पट्टा बांधून तालमीतल्या राजवीरसंगं आखाड्यात उतरलो. नातवाच्या वयाचा गडी, पर लई चिवट. घाम निथळाय लागला, हात मातीनं बरबटला, तरी दिवा आपला जळतोयच! मला ऱ्हावंना. मी मान वळवून त्येच्याकडं बघितलं, आन् तेवढ्यात त्या गड्यानं ढाकंचा डाव मारून मला उताणा पाडला. पडल्या पडल्या मी हात वर केला. दिवा हिरवागार! चितपट झालेल्या पैलवानासाठी आमच्या तालमीत पयल्यांदाच टाळ्या पडल्या.

तुझ्या परीक्षक बाईंस्नी कळीव: दिवा टिकला, हंबीरराव न्हाय टिकला.

कंबर शेकत बसलेला,
तुझा आजा